बाबांचा पलिता आणि रुडॉल्फ डिझेल
(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

आमचं गाव घाटावर, चिखली तालुक्यात. शेगाव-मलकापूरकडच्या मित्रांना सांगितलं तर त्यांना फेकाफेक वाटते, पण डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे काही पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो. माणसं शेकोटी करून उजाडायची वाट पाहत बसू शकतात. ट्रॅक्टरला ती सोय नाही.

आमचा ट्रॅक्टर माझ्यापेक्षा वयाने बराच मोठा आहे. आजोबांनी तो सेकंडहँड घेतला होता. उन्हाळ्यात एका सेल्फमध्ये सुरू होतो आणि थंडी पडली की रुसतो. म्हणून दिवाळी झाली की बाबा तो रात्री घरासमोर न लावता मारुतीच्या पारामागच्या उतारावर लावतात. सकाळी ब्रेक सोडायचा, गडगडत खाली जाऊ द्यायचा, गिअरमध्ये क्लच सोडला की झाला सुरू. गावातल्या निम्म्या जुन्या ट्रॅक्टरांची हिवाळ्यातली जागा अशी ठरलेलीच असते आणि त्या जागेवरून भांडणंही होतात.

पण मागे भरलेली ट्रॉली जोडलेली असली की उताराचा खेळ खेळता येत नाही. मी सेकंड इयरला असताना जानेवारीत घरी गेलो होतो. तुरीची ट्रॉली भरून तयार होती. बाजार समितीत लवकर नंबर लागावा म्हणून पहाटे पाचला निघायचं ठरलं. बाबांनी चाबी फिरवली. घुर्र घुर्र झालं, थोडा पांढरा धूर निघाला, बंद. तीन-चार वेळा तेच. बॅटरीचा आवाज बसायला लागला तसा बाबांनी नेहमीचा उपाय काढला. पऱ्हाटीच्या जाड काडीला गोणपाटाची चिंधी गुंडाळायची, डिझेलमध्ये बुचकळून पेटवायची आणि तो पलिता एअर क्लीनरच्या तोंडाशी धरायचा. दुसऱ्या माणसाने त्याच वेळी सेल्फ मारायचा. इंजिन तो जाळच आत ओढून घेतं, आतली हवा तापते आणि भडभड करत सुरू होतं. लहानपणापासून मी हे पाहत आलो आहे, त्यात काही विशेष आहे असं कधी वाटलंच नव्हतं. त्या पहाटे सेल्फवर मी होतो. इंजिनने उलटा फटका मारला, जाळ बाहेर आला आणि बाबांच्या स्वेटरची बाही पेटली.

मी उडी मारून खाली येईपर्यंत त्यांनी हात ओल्या पोत्यात खुपसला होता. मनगटापासून वर वीतभर कातडी भाजली होती. इंजिन मात्र सुरू झालं होतं! ते बंद करायला बाबा तयार होईनात. हातावर पाणी ओतून, ओलं फडकं गुंडाळून ते तसेच चिखलीला गेले, तूर मोजून दिली आणि दवाखान्यात गेले ते संध्याकाळी.

आता माझी गंमत ऐका. त्याच्या महिनाभर आधीच माझी व्हायवा झाली होती. एक्स्टर्नल सरांनी विचारलं होतं की डिझेल इंजिनला स्पार्क प्लग का नसतो. मी फाडफाड उत्तर दिलं होतं की दाबल्यामुळे हवा इतकी तापते की इंधन आपोआप पेट घेतं, बाहेरून ठिणगी किंवा जाळ लागत नाही. सर खूष. मार्क चांगले. आणि तोच मी पहाटे पाचला सेल्फवर बसून बाप बाहेरून जाळ दाखवतोय ते बघत होतो.

हॉस्टेलवर परत आल्यावर पहिलं काम केलं ते आकडेमोडीचं. कॉम्प्रेशन रेशो 18 धरला. 20 अंशांची हवा उष्णता बाहेर जाऊ न देता इतकी दाबली तर सूत्राप्रमाणे ती साधारण 658 अंशांवर जाते. हवा 8 अंशांची असेल तर 620 वर. फरक फक्त 38 अंशांचा. डिझेल तर अडीचशेच्या आसपासच्या गरम हवेतही आपोआप पेट घेऊ शकतं. म्हणजे कागदावर आमचा ट्रॅक्टर त्या पहाटे पहिल्या सेल्फला सुरू व्हायला हवा होता. मग ती उष्णता गेली कुठे?

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी लायब्ररीत एका माणसाच्या चरित्रात घुसलो. ज्याचं नाव आपण पेट्रोल पंपावर रोज घेतो, तो माणूस. खरं सांगतो, तोपर्यंत डिझेल हे आडनाव आहे हेच माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

रुडॉल्फ डिझेलचा जन्म 18 मार्च 1858 चा, पॅरिसचा. आईवडील मूळचे जर्मनीतल्या बव्हेरियाचे. वडील थिओडोर पुस्तकबांधणीचं आणि चामड्याच्या वस्तूंचं काम करायचे. घरची परिस्थिती बेताची. 1870 साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं आणि पॅरिसमधल्या जर्मन लोकांना देश सोडावा लागला. हे कुटुंब लंडनला पोहोचलं. तिथे खायचे वांधे, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्याला जर्मनीत आउग्सबुर्गला काका-काकूंकडे पाठवून दिलं. काका बार्निकेल तिथल्या शाळेत गणित शिकवायचे. आपल्याकडे शिक्षणासाठी मामाकडे किंवा काकाकडे राहिलेली पोरं असतात ना, तसाच हा. त्याने तिथूनच घरी कळवून टाकलं की मला इंजिनिअर व्हायचंय.

त्या शाळेत त्याने एक काचेची नळी पाहिली असं सांगतात. नळीत दट्ट्या बसवलेला. टोकाशी कापसाचा बोळा ठेवायचा, दट्ट्या झटक्यात आत दाबायचा, की बोळा पेटतो. ना काडी, ना गारगोटी. आग्नेय आशियातले लोक फार पूर्वीपासून अशाच नळीने विस्तव करत असत. आपल्या सगळ्या ट्रॅक्टरांचं, ट्रकांचं, एसटीच्या गाड्यांचं मूळ त्या नळीत आहे. नळी छोटी, दट्ट्या झटक्याचा. हा झटका शब्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

वर्गात पहिला नंबर सोडायचा नाही ही त्याची सवय. त्याने लवकर नोकरीला लागावं असं आईवडिलांना वाटत होतं. त्याने 1875 साली शिष्यवृत्ती मिळवली आणि म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये गेला. तिथे त्याला कार्ल फॉन लिंडे हे सर भेटले. रेफ्रिजरेशनच्या पेपरात ज्यांचं नाव आपण घोकतो तेच लिंडे. त्यांच्या तासाला रुडॉल्फला कळलं की वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेचा कसाबसा दहावा भाग कामाला लावतं, बाकीची वाया जाते. हे त्याच्या जिव्हारी लागलं. आपल्यालाही हा आकडा शिकवतात, पण आपण तो परीक्षेपुरता लिहितो आणि मेसकडे पळतो. फायनलच्या वेळी त्याला टायफॉइड झाला, परीक्षा हुकली. मधल्या काळात स्वित्झर्लंडमध्ये सुल्झरच्या कारखान्यात हाताने काम केलं आणि जानेवारी 1880 मध्ये परीक्षा देऊन तो फार मोठ्या गुणांनी पास झाला.

नोकरी लागली लिंडे सरांच्याच धंद्यात, पॅरिसला, बर्फाच्या कारखान्यात. जगातल्या सगळ्यात गरम हवेच्या इंजिनाचा जनक जवळपास दहा वर्षं बर्फ पाडत होता! बाटलीत स्वच्छ बर्फ करण्याचं पेटंटही त्याच्या नावावर आहे. 1883 साली मार्था फ्लाशे हिच्याशी लग्न झालं, पुढे तीन मुलं झाली. दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात इंजिन. सुरुवातीला वाफेऐवजी अमोनिया वापरून बघितला. त्या यंत्राचा स्फोट झाला आणि तो मरता मरता वाचला, कित्येक महिने दवाखान्यात होता. डोळ्यांवर कायमचा परिणाम झाला. डोकेदुखीने तर त्याला जन्मभर छळलं.

1890 मध्ये तो बर्लिनला आला आणि तोपर्यंत त्याच्या डोक्यातलं इंजिन तयार होतं. फक्त हवा आत घ्यायची, ती प्रचंड दाबायची, आणि दाबून तापलेल्या हवेत इंधन सोडायचं. काडी, ठिणगी, ज्योत काही नको. 1892 च्या फेब्रुवारीत पेटंटसाठी अर्ज केला, पुढच्या फेब्रुवारीत पेटंट मिळालं. त्याच सुमारास सिद्धांत मांडणारं पुस्तकही काढलं. त्यात कार्नोच्या आदर्श चक्राच्या जवळ जाणारं इंजिन आहे, ज्यात जळताना तापमान वाढतच नाही. दाब किती? अडीचशे वातावरणांएवढा! त्या काळी वाफेच्या बॉयलरवाल्यांना हा आकडा ऐकून हसू आलं असणार. आजही आपल्या वर्कशॉपमध्ये कोणाला सांगितलं तर तो आधी दोन पावलं मागे सरकेल.

इथे मला हा माणूस पहिल्यांदा ओळखीचा वाटला. त्याचं गणित बरोबर होतं आणि लोखंड ऐकत नव्हतं.

आउग्सबुर्गच्या यंत्र कारखान्याचे प्रमुख हाइनरिश बुत्स यांनी त्याला जागा दिली, माणसं दिली. क्रुपसारख्या बड्या कंपनीनेही पैसा घातला. पहिलं इंजिन उभं राहिलं. 10 ऑगस्ट 1893 ला कारखान्याच्या शाफ्टवरून पट्ट्याने ते फिरवलं आणि पहिल्यांदा इंधन सोडलं. ते पेटलं, आणि असं पेटलं की दाब मोजायच्या यंत्राचे तुकडे होऊन डिझेलच्या डोक्याजवळून गेले. एवढा धोका होऊनसुद्धा तो खूष होता, कारण दाबलेल्या हवेत इंधन पेटतं हे डोळ्यांनी दिसलं होतं. पण इंजिन स्वतःहून चालेना. सहा महिने फेरफार चालले. 17 फेब्रुवारी 1894 ला ते मिनिटाला 88 फेऱ्यांनी, फक्त एक मिनिट, स्वतःच्या ताकदीने चाललं. सांगतात की डिझेलला ते आधी कळलंच नाही. शाफ्टकडून इंजिनकडे येणारा पट्टा उलट्या बाजूने ताणला गेला, म्हणजे आता इंजिन शाफ्टला ओढत होतं. ते पट्ट्यावर लक्ष ठेवणाऱ्या मदतनिसाच्या ध्यानात आलं आणि त्याने काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली.

एक मिनिट. त्यानंतर आणखी तीन वर्षं. दर वेळी कागदावरचा एखादा आकडा सोडून द्यायचा. अडीचशेचा दाब चाळिसाच्याही खाली आला. तापमान न वाढवता जाळण्याची कल्पना सोडावी लागली, कारण तसं केलं तर इंजिन स्वतःला फिरवण्यातच दमून जातं. मला वाटतं त्याला हे फार लागलं असणार, कारण नंतर विरोधकांनी याच गोष्टीवर त्याला पकडलं. पेटंटमध्ये लिहिलेलं इंजिन वेगळं आणि बनवलेलं वेगळं, असा वाद शेवटपर्यंत चालू राहिला. पण फेब्रुवारी 1897 मध्ये म्युनिकचे प्राध्यापक श्र्योटर यांनी रीतसर चाचणी घेतली तेव्हा त्या इंजिनाची कार्यक्षमता 26 टक्क्यांच्या वर निघाली. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त. त्यावर वाद घालण्यासारखं काही उरलं नाही.

मला आवडलेली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1898 मध्ये कारखान्यात रोजच्या कामासाठी बसवलेलं पहिलं डिझेल इंजिन गेलं ते केम्प्टेन गावी, काड्यापेटीच्या कारखान्यात. काडीची गरज नसलेलं इंजिन काड्या बनवायला!

त्याच काळात पैशाचा पूर आला. अमेरिकेत दारूभट्ट्यांचा मालक असलेल्या अडोल्फस बुश याने तिकडच्या हक्कांसाठी दहा लाख मार्क मोजले. चाळिशीच्या आत डिझेल लक्षाधीश झाला. म्युनिकला मोठा बंगला बांधला. आणि मग तेच झालं जे हुशार माणसाच्या हातात एकदम पैसा आल्यावर पुष्कळदा होतं. जमिनीच्या व्यवहारात पैसे अडकवले, ते बुडाले. स्वतः काढलेला इंजिनांचा कारखाना चालला नाही. सुरुवातीची इंजिनं गिऱ्हाइकांकडे सारखी बिघडायची, माणसं परत करायची. प्रकृती इतकी ढासळली की त्याला काही काळ सॅनेटोरियममध्ये काढावा लागला. 1908 च्या सुमारास पेटंटचीही मुदत संपली.

त्याला खरं काय करायचं होतं, हे आपल्या पुस्तकात कुठेच नसतं. वाफेचं इंजिन महाग आणि अवाढव्य, ते फक्त मोठ्या गिरणीमालकाला परवडायचं. सुतार, विणकर, लहान कारागीर यांना परवडेल असं छोटं, काटकसरी इंजिन द्यावं, म्हणजे ते गिरणीपुढे टिकतील, हे त्याच्या मनात सुरुवातीपासून होतं. 1903 मध्ये त्याने कामगारांनी मिळून कारखान्यांची मालकी घ्यावी अशा विचारांचं एक पुस्तकही लिहिलं. हजारो प्रती छापल्या, फार थोड्या खपल्या. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. पुढे डिझेलने स्वतः हा विषय उचलून धरला, कारण ज्या प्रदेशात खनिज तेल नाही तिथल्या शेतकऱ्याला आपल्या शेतातल्या तेलावर इंजिन चालवता येईल.

त्याच्या हयातीत मात्र इंजिन छोटं झालंच नाही. इंधन आत फवारायला दाबलेली हवा लागायची, त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर. हे सगळं लटांबर गाडीवर मावणं शक्य नव्हतं. ते बसलं जहाजांवर आणि वीजघरात. 1912 मध्ये सेलांडिया हे डॅनिश जहाज डिझेलवर महासागरात गेलं. आपल्याकडे विहिरीवरचं इंजिन यायला अजून वेळ होता. किर्लोस्करांनी 1946 साली पुण्यात ऑइल इंजिनांसाठी वेगळी कंपनी काढली. आमच्या आजोबांच्या काळात विहिरीवर धडधडणारं आणि पिठाच्या चक्कीवर पुकपुक करणारं जे इंजिन होतं, तेच खरं रुडॉल्फच्या मनातलं इंजिन. हँडल मारताना आधी डिकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा, चाक जोरात फिरलं की खटका सोडायचा. जोरात का? कारण झटका लागतो.

आणि इथेच माझ्या 38 अंशांचं कोडं सुटलं. काचेच्या नळीत दट्ट्या हळू दाबला तर बोळा पेटत नाही. हळू दाबलं की हवेतली उष्णता नळीच्या भिंती खाऊन टाकतात. आमच्या ट्रॅक्टरचं त्या पहाटे तेच होत होतं. थंडीने बॅटरी अर्धमेली, इंजिन ऑइल घट्ट, म्हणून सेल्फ इंजिनला हळू फिरवतो. हळू फिरलं की उष्णता थंडगार लोखंडात जिरते आणि झिजलेल्या रिंगांच्या फटीतून हवाही निसटते. सूत्रात आपण उष्णता बाहेर जात नाही असं गृहीत धरतो. त्या एका ओळीने बाबांचा हात भाजला, असं तेव्हा मला वाटलं.

आमच्या ट्रॅक्टरमध्ये आणखी एक भानगड आहे. इंधन थेट सिलिंडरमध्ये न फवारता वरच्या एका छोट्या कोठडीत फवारलं जातं. प्रॉस्पर लोरांज याने बेंझ कंपनीत 1909 मध्ये ही युक्ती काढली, डिझेल असतानाच. यामुळे इंजिन लहान होऊ शकलं, दाबलेल्या हवेचा कॉम्प्रेसर गेला. पण हवा अरुंद तोंडातून त्या कोठडीत घुसताना आणखी उष्णता गमावते. म्हणून अशा इंजिनाला थंडीत मदत लागतेच. ती मदत म्हणजे ग्लो प्लग, आमच्याकडे त्याला हीटर म्हणतात. बॅटरीवर लाल होणारी एक तार कोठडीत बसवलेली, बस. तो ठिणगी देत नाही. इंजिन एकदा सुरू झालं की त्याचं काम संपलं. ज्या ट्रॅक्टरांत इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारतात त्यांना आपल्याकडच्या थंडीत बहुधा याची गरज पडत नाही, म्हणून गावात याची कोणाला फारशी माहितीही नसते.

होळीच्या सुट्टीत मी मित्राचा मल्टिमीटर घेऊन घरी गेलो. आमच्या ट्रॅक्टरच्या चाबीला मधे एक घर आहे. तिथे चाबी थोडा वेळ धरली की डॅशबोर्डवरच्या जाळीमागे एक छोटी तार लाल व्हायला हवी. ती लाल झालेली मी जन्मात पाहिली नव्हती. ते घर कशासाठी आहे हेही कोणाला आठवत नव्हतं. इंजिनवर मात्र चार प्लग होते, काजळीने आणि मातीने माखलेले. जुन्या पद्धतीचे, एकामागे एक सीरीजमध्ये जोडलेले. गणपतीतल्या जुन्या लायटिंगसारखं, एक दिवा गेला की सगळी माळ बंद. तीन प्लग चांगले होते. चौथ्याची तार तुटलेली. कधी तुटली कोण जाणे. तेव्हापासून बिचारे तिघे निमूट बसून होते आणि बाबा दर हिवाळ्यात पलिता करत होते. नंतरच्या काळातले पेन्सिलसारखे प्लग पॅरलल असतात, त्यात एक गेला तरी बाकीचे चालतात. चौथा प्लग मिळायला दीड महिना गेला, तेवढ्या जुन्या ट्रॅक्टरचा माल कोणी ठेवत नाही.

पुढच्या थंडीत पहिल्यांदा चाबी त्या मधल्या घरात धरली. जाळीमागची तार हळूहळू तांबूस, मग लाल झाली. तीसपर्यंत मोजलं, सेल्फ मारला. इंजिनने दोन उचक्या दिल्या आणि चालू झालं. (एक सूचना: काही जण थंडीत एअर क्लीनरमध्ये ईथरचा स्प्रे मारतात. ग्लो प्लग चालू असताना हे चुकूनही करू नका. तार लाल, वर ईथर, मग पलित्यापेक्षा वाईट होईल.)

त्या दिवशी ट्रॉलीवर बसून चिखलीला जाताना मी बाबांना डिझेलची गोष्ट सांगितली. इंजिन ज्याने केलं त्याचंच हे नाव, हे ऐकून तेही चकित झाले. शेवट काय झाला, ते त्यांनी विचारलं.

शेवट असा. 29 सप्टेंबर 1913 ला संध्याकाळी डिझेल बेल्जियममधल्या अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन नावाच्या बोटीवर चढला. इंग्लंडमध्ये एका कंपनीची बैठक होती. सोबतच्या मंडळींबरोबर जेवला, गप्पा मारल्या, रात्री दहाच्या सुमारास खोलीत गेला. सकाळी सव्वासहाला उठवा असं सांगून गेला होता. सकाळी खोली रिकामी. अंथरुणाला अंग लागलेलं नव्हतं, रात्रीचे कपडे काढून ठेवलेले, घड्याळ तिथेच. डेकवर कठड्याजवळ त्याची हॅट आणि नीट घडी केलेला कोट सापडला. काही दिवसांनी एका डच बोटीला पाण्यात प्रेत दिसलं. ते ओळखण्याच्या स्थितीत नव्हतं, म्हणून खिशातल्या वस्तू काढून घेऊन प्रेत परत पाण्यात सोडलं. चष्म्याची डबी, पाकीट असल्या त्या वस्तू मुलाने ओळखल्या. जर्मनीच्या गुप्तहेरांनी मारलं, तेलवाल्यांनी मारलं, अशा गोष्टी आजही लोक रंगवून सांगतात. त्यांना धड पुरावा नाही. चरित्रकार सांगतात की निघण्यापूर्वी त्याने बायकोला एक बॅग दिली होती आणि आठवडाभर उघडू नको असं सांगितलं होतं. त्यात रोख रक्कम आणि बँकांचे कागद होते. खाती जवळजवळ रिकामी होती. डायरीत 29 सप्टेंबरच्या पानावर एक फुली होती. बाहेर मात्र तो शेवटपर्यंत श्रीमंत म्हणूनच वावरत होता.

बाबांनी गुप्तहेरांबद्दल काहीच विचारलं नाही. कर्ज होतं का, एवढंच विचारलं. मी हो म्हणालो, मालमत्तेपेक्षा जास्त होतं. मग घरच्यांना कधी कळलं, हे विचारलं. मी सांगितलं, गेल्यावर. आमच्या गावात अशी बातमी आली की लोक हेच दोन प्रश्न विचारतात, याच क्रमाने. आमच्या ओळीतल्या तीन घरांत ते विचारून झालेले आहेत. पुढे फाट्यापर्यंत बाबा काही बोलले नाहीत. मग त्या वर्षीच्या पीककर्जाचा आकडा त्यांनी मला सांगितला. किती भरलं, किती राहिलं, कोणाचे हातउसने किती. मी इंजिनिअरिंगला आलो त्याची फीसुद्धा त्यात होती. मी काही विचारलं नव्हतं.

तुटलेला चौथा प्लग माझ्या हॉस्टेलच्या टेबलावर आहे, ज्याला बघायचा असेल त्याने रूमवर यावं. घरी आता चारही प्लग ठीक आहेत आणि ट्रॅक्टर तीस मोजून सुरू होतो. बाबा तरी तो रात्री मारुतीच्या पारामागच्या उतारावरच लावतात.